थायलंड: कुणाचा हक्क आणि कुणाला ‘सवय लावू नका’?

केतकी_वाकड (धागा)

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही साडेपाच वर्षं बँकॉकला होतो, सुखुमवितच्या एका सोईत (सोई म्हणजे गल्ली), गेल्या वर्षी परत आलो. इथे थायलंड म्हटलं की लोक पटाया, मसाज आणि प्रतुनामचं शॉपिंग एवढंच विचारतात, आणि मला तिथे जे सगळ्यात जास्त दिसलं आणि टोचलं ते सांगायला गेलं की विषय बदलतो.

आमच्याकडे घरकामाला इसानमधल्या, रोई एतच्या बाई होत्या. इसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, कोरडवाहू, चिकट भात खाणारा, लाओशी जवळची बोली बोलणारा. बँकॉकमधले टॅक्सीवाले, बांधकामावरचे लोक, मसाजवाल्या, कामवाल्या बायका यातले निम्मेअधिक तिकडचेच वाटावेत इतके भेटतात. मी त्यांना ‘पी’ म्हणायचे, म्हणजे ताई, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या होत्या. त्या मला मादाम म्हणायच्या, पाच वर्षं सांगूनही ते सुटलं नाही. सोमवार ते शनिवार काम, पगार १४,००० बाट.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांना सोंगक्रानला (त्यांचं नवीन वर्ष, १३ ते १५ एप्रिल) आठ दिवस सुट्टी हवी होती. मागायची पद्धत बघा. तीन दिवस आधीपासून घरातलं सगळं इस्त्रीचं काम संपवलं, फ्रीज धुऊन काढला, माझ्या मुलाच्या शाळेच्या युनिफॉर्मची सैल झालेली बटणं घट्ट केली आणि मग चौथ्या दिवशी दारात उभं राहून हात जोडून विचारलं. गावी आईचं पोटातून डायलिसिस चालू होतं, वर्षभर ते बहीण करते, हे आठ दिवस पी करणार म्हणजे बहिणीला जरा मोकळीक. मी हो म्हणाले.

त्याच आठवड्यात आमच्या घरमालकीण बाई आल्या. स्वभावाने चांगल्या हं, दर सीझनला आंबे आणायच्या, माझा मुलगा आजारी असताना स्वतः गाडी पाठवली होती. त्यांना हे कळलं तर म्हणाल्या, एवढी सुट्टी देऊ नको, या लोकांना ‘खोय तुआ’ होतं. खोय तुआ म्हणजे आपल्याकडे सोकावणं म्हणतात तेच, अगदी तेच. आणि मग चहा पिता पिता त्यांच्या मुलाचं सांगायला लागल्या, इंग्लंडहून शिकून आला, वडिलांच्या कंपनीत थेट मॅनेजर केलाय, सकाळी त्याला उठवत नाही, अकराला जातो, गेल्या जन्मीचं पुण्य घेऊन आलंय पोरगं. हे त्या खरंच प्रेमाने बोलत होत्या. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्यांच्या मनातही आलं नाही.

मी काहीच बोलले नाही, नुसती बसून राहिले. पण तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे की न कमावता मिळालं तर ते एकाचं पुण्य आणि कमावून मागितलं तर ती दुसऱ्याची वाईट सवय, हे गणित तिथल्या माणसांच्या मनात इतकं घट्ट बसलं कसं? तिथे राहिलेल्या, काम केलेल्या लोकांनी प्लीज लिहा.

---

सुलभा_दादर

छान लिहिलंयस केतकी. हे वाचून माझ्या सोसायटीची लिफ्ट आठवली. दोन लिफ्ट आहेत, एकीवर पाटी होती, कामवाल्या आणि डिलिव्हरीवाल्यांनी ही वापरू नये. मी आणि अजून दोघींनी मीटिंगमध्ये भांडून ती पाटी काढायला लावली, त्याला आठ महिने लागले. म्हणजे तिकडचं काही वेगळं आहे असं मला नाही वाटत.

---

निमिष_इम्पोर्ट्स

लेख आवडला पण थोडी दुसरी बाजू मांडतो. मी गेली अकरा वर्षं बिझनेससाठी बँकॉकला जातोय. तिथला गरीब माणूस आपल्या गरिबासारखा नाही. फूटपाथवर झोपलेली कुटुंबं मला क्वचितच दिसली, प्रत्येकाच्या हातात फोन, दारात मोटरसायकल. आणि कामाचं म्हणाल तर सगळं सबाय सबाय, टेन्शन घ्यायचंच नाही. माझ्या सप्लायरच्या गोडाऊनमधली पोरं डिसेंबरात बोनस मिळाला की गायब होतात, न सांगता, आणि मार्च-एप्रिलनंतर परत नोकरी मागायला उभी. वर सरकार पैसे वाटतं, २०२४च्या सप्टेंबरात एकेकाला १०,००० बाट रोख वाटले. मग सवय लागणार नाही तर काय होणार? घरमालकीण बाईंचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही.

---

दत्ता_चाकण

@निमिष, मी चार वर्षं रायोंगला ऑटो पार्ट्सच्या प्लान्टला होतो, तुमच्या त्या गायब होणाऱ्या पोरांबद्दल मला बोलायलाच पाहिजे.

इसानमध्ये भात मुख्यतः पावसाच्या पाण्यावरच, वर्षातून एकदा. लावणी पावसाळा सुरू झाल्यावर आणि कापणी नोव्हेंबर-डिसेंबर. घरात म्हातारी आई-बाप आणि नातवंडं, तरुण सगळे बँकॉक नाहीतर रायोंग-चोनबुरीला. मजूर लावून कापणी करायची तर पैसे लागतात, म्हणून पोरगा बोनस खिशात टाकून गावी जातो, कापणी करतो, भात विकतो, कर्जाचा हप्ता भरतो. आम्ही पण सुरुवातीला म्हणायचो बोनस घेऊन पळाले. मग आमच्या लाईनचा एक सुपरवायझर होता, इसानमधल्या बुरीरामचा, तो एकदा मला गावी घेऊन गेला तेव्हा दिसलं की कालपर्यंत आमच्याकडे टॉर्क गन धरणारा पोरगा इथे पहाटे पाचपासून शेतात वाकलाय. तो आळशी नाही हो, तो दोन नोकऱ्या करतोय आणि दोन्हीकडे लोक त्याला अर्धवट म्हणतात.

आता कामाच्या तासांचं. बेसिक पगार किमान वेतनापेक्षा जेमतेम वर, त्यामुळे ओटी (तिथेही ओटीच म्हणतात) केल्याशिवाय भागतच नाही. आठ तास अधिक अडीच-तीन तास ओटी, सहा दिवस. ज्या महिन्यात ऑर्डर कमी आणि ओटी बंद त्या महिन्यात कॅन्टीनमध्ये पोरं नुसता भात आणि तळलेलं अंडं घेताना दिसायची. किमान वेतन म्हणाल तर २०१३ला देशभर ३०० बाट रोज केलं, तेव्हा मालक लोकांनी केवढा आरडाओरडा केला होता की उद्योग बुडतील, आणि त्यानंतर बारा वर्षांनी, २०२५च्या जानेवारीत, काही मोजक्या जिल्ह्यांत ४०० झालं. बारा वर्षांत शंभर बाट. तेवढ्या काळात रायोंगला प्लान्टसमोर जेवणाची थाळी दुप्पट झाली.

आणि काँट्रॅक्ट लेबर. आमच्याकडे पर्मनंटचं कार्ड निळ्या पट्टीचं आणि काँट्रॅक्टरच्या पोरांचं पिवळ्या. एकाच लाईनवर शेजारी शेजारी, काम तेच. बोनस वेगळा. कायद्यात २००८पासून आहे की मुख्य मालकाने काँट्रॅक्टच्या कामगारालाही भेदभाव न करता सोयी-सवलती द्यायच्या, पण पिवळ्या पट्टीवाल्याने ते मागितलं की पुढच्या महिन्यात पट्टीच गेली. चाकणला परत आलो तर इथे पण दोन रंगांचे टी-शर्ट. मी आता एचआरशी या विषयावर सरळ भांडतो, आधी गप्प बसायचो.

---

रानजाई

वाचतेय. दत्ता, तुमचा प्रतिसाद वाचून काटा आला.

---

पाली_भाषा

शब्दांच्या अंगाने थोडं लिहितो, कारण मराठी माणसाला हे शब्द परके नाहीत आणि मला वाटतं उत्तर शब्दांतच बरंचसं दडलंय.

केतकीताई, तुमच्या घरमालकीण बाईंनी जे पुण्य म्हटलं ते थाईत ‘बुन’, पालीतलं पुञ्ञ. नशिबाला ‘वासना’ म्हणतात, आपलाच संस्कृत शब्द पण अर्थ बदललेला, गेल्या जन्मीच्या पुण्याईने लाभलेलं भाग्य. मोठ्या माणसाच्या वजनाला ‘बारमी’, म्हणजे पारमी. म्हणजे श्रीमंती ही कुणाकडून घेतलेली गोष्ट नसून स्वतःबरोबर जन्माला आलेली गोष्ट आहे असंच भाषा सांगते. बुद्धाने हे असं शिकवलं का, तर माझ्या वाचनाप्रमाणे नाही, तिथे कर्म म्हणजे आत्ता हेतूने केलेली कृती यावरच जास्त भर आहे. पण सत्तेला जो अर्थ सोयीचा तोच टिकला.

यामागे इतिहासही आहे. पंधराव्या शतकात अयुथ्याचा (थायलंडच्या जुन्या राज्याचा) राजा बोरोमत्रैलोकनात (म्हणजे परमत्रैलोक्यनाथ) याने ‘सक्दिना’ नावाची मोजणी पक्की केली. सक्दि म्हणजे शक्ती, ना म्हणजे भातशेत. प्रत्येक माणसाला एक आकडा. गुलामाला ५ राय, साध्या रयतेला २५ रायपर्यंत, बड्या अधिकाऱ्याला १०,०००. एक राय म्हणजे आपले साधारण सोळा गुंठे. जमीन प्रत्यक्षात असो नसो, आकडा तुमच्या कपाळावर. गुन्हा केला तर दंड किती, तुमच्याविरुद्ध गुन्हा झाला तर भरपाई किती, हे सगळं या आकड्यावरून. गुलामगिरी कायद्याने पूर्ण गेली १९०५ला. १९३२ला राज्यक्रांती झाली आणि राजाची अनियंत्रित सत्ता गेली, पण लोकांच्या वागण्यातला आकडा गेला नाही. दोन थाई माणसं भेटली की आधी वय, नोकरी, घराणं याचा अंदाज घेतात, मग ठरतं की मी कुठलं सर्वनाम वापरायचं आणि नमस्काराला हात किती वर न्यायचे.

२०१०ला लाल शर्टवाल्यांचं (पदच्युत पंतप्रधान थाक्सिनच्या समर्थकांचं) आंदोलन झालं तेव्हा गावाकडचे लोक छातीवर ‘फ्राय’ असं छापलेले टी-शर्ट घालून बँकॉकच्या सगळ्यात महागड्या मॉल्सच्या चौकात, राचप्रासोंगला, कित्येक आठवडे बसले होते. फ्राय म्हणजे ती सक्दिनातली वेठीची रयत. आणि लढाई कुणाशी, तर ‘अम्मात’शी. हा शब्द ओळखीचा वाटला? अमात्य. आपल्याकडे रामचंद्रपंतांना जे पद होतं तेच. तेव्हाच्या पंतप्रधानांचं नाव अपिसित, ईटन-ऑक्सफर्डला शिकलेले, आणि अपिसित या शब्दाचा थाईतला अर्थच विशेषाधिकार. १९ मे २०१०ला सैन्याने चौक मोकळा केला, त्या दोन महिन्यांत मिळून नव्वदहून जास्त माणसं गेली. शहरातले सुशिक्षित लोक त्या आंदोलकांना ‘ख्वाय’ म्हणायचे, म्हणजे रेडे. ज्यांच्या नांगरामागे चालून पिकलेला भात खाल्ला त्यांनाच.

---

रेवा_थम

हाय सगळे, मी बँकॉकला मास्टर्स केलंय, दोन वर्षं होते, पालीभाषा काकांनी छान लिहिलंय, मी पोरांच्या भाषेतलं सांगते.

तिथे एक वाक्य सगळ्यांना माहितीये, ‘रू माय फॉ कू पेन क्राय?’ म्हणजे माहितीये का माझा बाप कोण आहे. शब्दशः आपलंच. आणि वशिल्याला ‘सेन’ म्हणतात, सेन म्हणजे धागा, नूडल्सची दोरी पण सेनच. वशिल्याने लागलेला पोरगा म्हणजे ‘देक सेन’. माझ्या वर्गातली एक मैत्रीण इसानमधल्या खोनकेनची, वडील मोटरसायकल टॅक्सी चालवायचे (ते केशरी जॅकेटवाले, सोईच्या तोंडाशी उभे असतात ना), ती म्हणायची आमच्याकडे सेन नाही, घाम आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांना ऐकून माहीत असेल, रेड बुलच्या घराण्यातल्या नातवाचं. सप्टेंबर २०१२, सुखुमवितवर पहाटे फेरारीने ड्युटीवरच्या पोलिसाच्या मोटरसायकलला धडक दिली, पोलीस गेला, रस्त्यावर सांडलेल्या ऑइलच्या मागावर पोलीस बंगल्यापर्यंत पोचले. त्यानंतर तारखांवर तारखा, हा देशाबाहेर, वेगाने गाडी चालवल्याचा गुन्हा २०१३ला मुदत संपून बाद, आणि २०२०ला सरकारी वकिलांनी उरलेला मुख्य आरोपही मागे घेतला. तेव्हा इतका संताप झाला की चौकशी समिती नेमावी लागली, परत केस काढावी लागली. पण तो कोर्टापुढे उभा राहिलाच नाही.

आणि यातली मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याचे आजोबा फिचितच्या गरीब चिनी घरातले, आई-बाप बदकं विकायचे. त्यांनी १९७०च्या दशकात क्राटिंग देंग नावाचं एनर्जी ड्रिंक काढलं, तीच पुढची रेड बुल, आणि ते कुणासाठी होतं? रात्रपाळीचे कामगार, ट्रक ड्रायव्हर, बांधकामावरचे मजूर. आजही सेव्हन इलेव्हनमध्ये ती छोटी तपकिरी बाटली घेणारा माणूस पायात चपला आणि अंगावर सिमेंट असाच असतो. त्या मजुरांच्या दहा-दहा बाटनी फेरारी आली.

अजून एक म्हणजे सैन्यभरती. दर एप्रिलला २१ वर्षांच्या मुलांना बोलावतात आणि मडक्यातून चिठ्ठी काढायला लावतात. काळी आली तर घरी, लाल आली तर दोन वर्षंपर्यंत सैन्यात. मी ते बघायला गेले होते मैत्रिणीच्या भावासाठी. आई हॉलच्या बाहेर मंतरलेला दोरा मुठीत धरून बसली होती, तीन तास पाणीसुद्धा प्यायली नाही. लाल आली. पण ज्यांनी कॉलेजआधी तीन वर्षं ते एनसीसीसारखं ट्रेनिंग केलं त्यांना चिठ्ठीच काढावी लागत नाही, आणि नववीनंतर शाळा सोडून कामाला लागलेल्या पोराला ते ट्रेनिंग कुठून मिळणार? म्हणजे चिठ्ठी सगळ्यांना सारखी, पण रांगेत उभे कोण ते आधीच ठरलेलं. आणि आत गेल्यावर काही जणांना अधिकाऱ्यांच्या घरी कपडे धुवायला, कोंबड्यांना दाणे घालायला ठेवतात, हे तिथल्या पेपरांत पण येऊन गेलंय.

(केतकीताई, एक विचारू का, पी ला सुट्ट्या कायद्याप्रमाणे मिळायच्या का? घरकामगारांसाठी २०१२चा नियम आहे तिथे. आठवड्याला एक दिवस, वर्षाला १३ सणाच्या पगारी सुट्ट्या, एक वर्ष झालं की ६ दिवस रजा, आजारपणाची वेगळी. आमच्या कोर्सला होतं म्हणून माहितीये.)

---

सुलभा_दादर

रेवा, तू फेरारीचं लिहिलंस आणि मला कल्याणीनगर आठवलं. मे २०२४. दोन इंजिनियर मुलं गेली आणि जामिनाची अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध. त्या दिवशी माझ्याकडे स्वयंपाकाला येतात त्या बाई म्हणाल्या, ताई, माझ्या पोराने सिग्नल तोडला तर त्याला चौकीत चार तास बसवून ठेवलं होतं, निबंध लिहून सोडलं असतं तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं नाही.

---

अमोघ_सीए

टॅक्सचं मी टाकतो थोडक्यात. थायलंडमध्ये वारसा कर २०१६ला आला, १० कोटी बाटच्या वरच्या रकमेवरच लागतो आणि मुलांना फक्त ५ टक्के. जमिनीवरचा नवा कर २०२०ला आला, रिकाम्या प्लॉटला जास्त आणि शेतीला अगदी नगण्य. तर बँकॉकच्या मध्यावर, ऑफिसांच्या टॉवरांच्या मधल्या कोट्यवधींच्या प्लॉटवर लोकांनी केळी आणि लिंबं लावली. कायद्यात बसतं सगळं. आणि इसानमधला खरा शेतकरी कर्जात. क्रेडिट स्विस या बँकेच्या २०१८च्या अहवालात होतं की वरच्या १ टक्क्याकडे देशाची ६६.९ टक्के संपत्ती, थाई सरकारने त्या आकड्यावर आक्षेप घेतला होता आणि पद्धतीबद्दलचा तो आक्षेप मला काही अंशी पटतो, पण लिंबाच्या बागा मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात.

---

निमिष_इम्पोर्ट्स

दत्ताभाऊ, कापणीचा मुद्दा माझ्या खरंच लक्षात आला नव्हता, अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही मी त्या पोरांना. ते मान्य.

पण तरी विचारतो, फुकट वाटण्याचं काय? शेवटी माणसाला बसून मिळालं की तो बसतो, गरीब असो की श्रीमंत.

---

पेडणेकर_फुकेत

मी मूळ पेडण्याचा, फुकेतला हॉटेलात आहे बरीच वर्षं, निमिषभाऊंच्या प्रश्नावर कोविडमधलं सांगतो.

मार्च-एप्रिल २०२०, विमानं बंद, बीच बंद, बेट सील. आमच्या स्टाफचा निम्मा पैसा सर्व्हिस चार्जमधून येतो, बेसिक कमी, म्हणजे गेस्ट नाही तर पगार अर्ध्यावर, आणि मग तोही नाही. सरकारने असंघटित कामगारांना महिना ५,००० बाट तीन महिने देतो म्हटलं, वेबसाईटवर अर्ज, आणि कॉम्प्युटरने ठरवलं कोण पात्र. आमच्या हाऊसकीपिंगच्या एका बाईच्या नवऱ्याला, जो लाँगटेल बोट चालवतो, त्याला उत्तर आलं की तुम्ही शेतकरी आहात म्हणून अपात्र. जमीन त्याच्या नावावर नाही, बापाच्या नावावर आहे. अशा लोकांनी बँकॉकला अर्थखात्याच्या दारात जाऊन गर्दी केली होती.

मग मे महिन्यात गावोगाव ‘तू पन सुक’ नावाची कपाटं उभी राहिली, सुख वाटून घ्यायचं कपाट. ज्याच्याकडे आहे त्याने ठेवावं, नाही त्याने न्यावं. तांदूळ, मामा नूडल्स, अंडी, माशाचे डबे. फार सुंदर गोष्ट होती ती. आणि लगेच व्हिडिओ फिरायला लागले की बघा कसे पिशव्या भरभरून नेतात, सगळं कपाट रिकामं करतात, हावरट. आमच्या सोईच्या कपाटातून पण एका बाईने एकदम सगळी अंडी नेली, तीस असतील. लोक ओरडले तिच्यावर. मी तिला ओळखत होतो, ती मागे खोल्यांची चाळ आहे ना बर्मी कामगारांची, तिथे आठ खोल्यांना वाटली तिने. बर्मी लोक बाहेर यायला घाबरत होते, कागदपत्रांची भानगड, म्हणून ती थाई बाई त्यांच्यासाठी नेत होती. गरिबाच्याही खाली अजून कोणीतरी असतोच.

आणि १०,००० बाटचं म्हणता, ते पहिल्या टप्प्यात सरकारी कल्याण कार्डवाल्यांना आणि अपंगांना मिळाले. त्या कार्डाला लोक काय म्हणतात माहितीये? ‘बात खोन चोन’, गरीब माणसाचं कार्ड. काउंटरवर ते काढताना माणूस आधी मागे बघतो की ओळखीचं कुणी आहे का. साठी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला महिना ६०० बाट पेन्शन, सरकारी नोकराला मात्र पेन्शन वेगळी आणि त्याच्या आई-बापाचंही औषधपाणी सरकारकडे. कुणाला बसून मिळतंय ते बघा म्हणजे झालं.

---

रानजाई

पेडणेकर, ती अंडी वाचून रडू आलं मला. एक चांगलंही लिहू का, ३० बाटवाली आरोग्य योजना. माझी बहीण तिथे नर्सिंग रिसर्चला होती. २००२ला देशभर आली, बहुतेक आजार, ३० बाट, आणि २००६पासून बहुतेकांना तेही नाही. २००८पासून डायलिसिसही त्यात आलं, पोटातून करायचं, औषधाच्या पिशव्या घरपोच. केतकीताईंच्या पी ची आई त्यातलीच असणार. तेव्हाही शहरातले लोक म्हणालेच होते की फुकट दिलं तर सर्दी झाली तरी दवाखान्यात येऊन बसतील. प्रत्यक्षात काय झालं, तर आजारपणात जमीन विकावी लागणारी घरं कमी झाली.

---

दत्ता_चाकण

बरोबर. आमच्या सुपरवायझरच्या बापाचं ऑपरेशन त्यातच झालं होतं. तो म्हणायचा, आयुष्यात पहिल्यांदा सरकारी काउंटरवर मला वाकायला लागलं नाही, कार्ड दाखवलं आणि नंबर आला.

---

केतकी_वाकड

सगळ्यांचे आभार, चार दिवस उत्तर दिलं नाही कारण रेवाने कंसात विचारलेल्या प्रश्नापाशीच मी अडकले होते.

रेवा, नाही मिळायच्या. मला हा नियम माहीतच नव्हता. आठवड्याची रविवारची सुट्टी होती, पण त्या १३ सुट्ट्या? आमच्या घरी पाहुणे यायचे नेमके लाँग वीकेंडला, आणि पी यायच्या, मला वाटायचं चला त्यांनाही बरं, दुपारचं जेवण करून जातात. वर्षाची सहा दिवस रजा मी कधी दिलीच नाही, त्यांनी कधी मागितली नाही. आणि मी इतकी वर्षं, हा धागा लिहीपर्यंत, मनात हेच धरून होते की घरमालकीण बाई नको म्हणत असताना मी आठ दिवस दिले. मी दिले! ते त्यांचेच होते. मीच वर बसून वाटत होते.

परवा रात्री जुनी कॅलेंडरं, मुलाच्या शाळेचे सुट्ट्यांचे मेल, फोनमधले फोटो सगळं काढून बसले. नवरा आधी म्हणाला आता काय त्याचं, मग तोही बसला. कुठल्या सणाला त्या आमच्याकडे होत्या ते फोटोंवरून कळत गेलं, मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या, तो दिवस तिकडच्या मातृदिनाचा, १२ ऑगस्ट, सरकारी सुट्टी. पाच वर्षांत मिळून पंचेचाळीस दिवस निघाले. १४,००० भागिले तीस, गुणिले पंचेचाळीस, २१,००० बाट.

त्यांचं बँक खातं माझ्याकडे होतं, काल सकाळी पाठवले. दुपारी व्हिडिओ कॉल आला. आता एका जपानी कुटुंबाकडे असतात, तिथल्या किचनमधूनच केला होता, आवाज बारीक. मादाम, चुकून आलेत का, मी परत पाठवते, फी किती कापतील ते विचारून घेते आधी. मी म्हटलं चुकून नाही पी, तुमचेच आहेत, सुट्ट्यांचे.

थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मागे नळ चालू होता तो त्यांनी बंद केला. मग विचारलं, ‘कुठल्या सुट्ट्यांचे?’